सापडत नाही, ते दिलेच नाही!



कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रिकेत आंब्या-काजूच्या मुलखातली गोष्ट कशाला, असे तुम्ही विचाराल. शेवटपर्यंत वाचा. गोष्ट कोकणातली असली तरी दुखणे तुमचेच आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कणकवली तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर नांदगाव आहे. तिथे तीन वाटा मिळतात, म्हणून त्या जागेला तिठा म्हणतात. एक वाट मुंबईकडे, एक गोव्याकडे, एक देवगडकडे. तिठ्यावरच्या पाटीवर गावाचे नाव असते आणि बाण असतो. रस्ता कोणत्या खात्याचा, कोणत्या उपविभागाचा, कोणत्या योजनेतून झाला, हे वाटसरूला आधी ओळखायला लावत नाहीत. त्याला रस्त्याचा मालक नको असतो, मुक्काम हवा असतो. एवढे कळायला इंजिनीअर व्हावे लागत नाही.

पण शेतकऱ्यांसाठी वेबसाईटी काढणाऱ्यांना एवढे कळत नाही, असा आमचा आरोप आहे. आणि त्या न कळण्याची किंमत आपण मोजतो आहोत, रुपयांत आणि हंगामांत.

तापमान सरकारकडे, शेतकरी तिठ्यावर

नांदगावला आम्ही बागायतदारांच्या बैठकीला गेलो होतो. विषय निघाला फळपीक विम्याचा. हा विमा आपल्या पीकविम्यासारखा नाही, हवामानावर चालतो. बागेत येऊन कोणी झाडे मोजत नाही. महसूल मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र जो आकडा दाखवील, त्यावरून ठरते. तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली ठरलेले दिवस राहिले, अवकाळी पाऊस ठरल्यापेक्षा जास्त पडला, तर भरपाई. म्हणजे केंद्रावरचा आकडा हाच पंचनामा.

एक बागायतदार म्हणाले, "तापमान सरकारकडे आसा, पण ता खंय बघूचा?"

आम्ही तीन मोबाइल काढून बसलो. विम्याची माहिती एका साईटवर. अटी आणि मर्यादा शासन निर्णयात, तो दुसऱ्या साईटवर. आपले गाव कोणत्या मंडळात, ते तिसरीकडे. आणि रोजचे आकडे कुठे, याचा पत्ता चहाचे दोन फेरे झाले तरी लागेना. आकडा सरकारजवळ नाही असे कोणीच म्हणत नव्हते. तो आहे आणि आपल्याला मिळायला हवा, हेही सगळ्यांना मान्य. फक्त तो सापडत नव्हता.

मग एकाने वैतागून गावाचेच नाव टाकले: नांदगाव. आता या महाराष्ट्रात नांदगावे किती! नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुका आहे. रायगडात मुरुडजवळ नांदगाव आहे. आणि आपल्या कापसाच्या पट्ट्यात, अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर आहे. शिवाय कोणी 'नांदगाव' लिहितो, कोणी 'गां'वर टिंब देऊन 'नांदगांव'. टिंबाच्या फरकाने संगणक सरळ 'माहिती उपलब्ध नाही' सांगतो. माहिती उपलब्ध असते. फक्त तिला आपल्या गावाचे नाव कळत नसते.

ज्वारीचा पेव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच उमजेल. जमिनीखाली धान्य भरलेले आहे, दुष्काळ आला आहे, आणि पेवाचे तोंड कुठे आहे तेच घरात कोणाला माहीत नाही. असा पेव भरलेला असला काय आणि रिकामा असला काय, घरची चूल पेटत नाही.

आमचीही चूक

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आमच्याकडची तीन बोटे मोजतो. आम्ही शेतीची पदवी घेतली, काही वर्षे सल्ले देत फिरलो, माहितीपत्रके लिहिली. कपाशीची पाने ऐन बोंडे भरताना लाल पडू लागली की शेतकरी म्हणतो, 'लाल्या आला'. त्याचा उपाय आम्ही कुठे लिहिला होता? 'दुय्यम अन्नद्रव्यांचे व्यवस्थापन' या मथळ्याखाली. कारण लाल्याच्या कारणांत मॅग्नेशियमची कमतरता आहे आणि मॅग्नेशियम आमच्या पुस्तकात दुय्यम अन्नद्रव्यांच्या प्रकरणात येते. नत्र कमी पडल्यानेही लाल्या येतो, ते दुसऱ्या पत्रकात. तुडतुड्यांनी पाने लाल होतात, ते तिसऱ्या पत्रकात, 'रसशोषक किडी' या नावाखाली.

म्हणजे ज्याला रोगाचे कारण आधीच माहीत आहे, त्यालाच आमचे पत्रक सापडणार! ज्याच्या शेतात पाने लाल झाली तो 'लाल्या' शोधणार आणि रिकाम्या हाताने जाणार. आम्ही माहिती लिहिली होती आमच्या विद्यापीठाच्या कपाटासाठी, शेतकऱ्याच्या प्रश्नासाठी नाही. आज सरकारी वेबसाईटींची सगळी रचना याच चुकीवर उभी आहे. खाते, उपखाते, कक्ष, योजना, उपयोजना, केंद्रपुरस्कृत, राज्यपुरस्कृत. ही साहेबाच्या टेबलांची मांडणी झाली. शेतकऱ्याचे काम त्या टेबलांमध्ये तुकडे होऊन पडते.

जुन्या दप्तराची अक्कल

कोणी म्हणेल, लाखो खाती, हजारो गावे, एवढा पसारा मांडायचा तरी कसा? त्याला आमचे उत्तर आपल्याच घरात आहे. सातबारा काढून बघा.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये पीक कोणते. जमिनीचा गट नंबर माहीत असेल तर सातबारावरून माणूस सापडतो. माणसाचे खाते माहीत असेल तर ८-अ वरून त्याची गावातली सगळी जमीन सापडते. आणि नाव कसे लागले, वाटणीने, वारसाने की खरेदीने, हे बघायचे तर सातबारावर नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा नंबर. तो घेऊन गाव नमुना ६ उघडला की सगळा इतिहास पुढे येतो. आज संगणकवाले ज्याला लिंक म्हणून मिरवतात, ती आपल्या तलाठ्याच्या दप्तरात शाईने काढलेल्या वर्तुळात होती.

ते दप्तर शेतकऱ्याच्या कळवळ्याने केलेले नव्हते. इंग्रजाला सारा वसूल करायचा होता, म्हणून प्रत्येक तुकडा सापडलाच पाहिजे अशी व्यवस्था त्याने लावली. यातच खरी मेख आहे. सरकारला ज्यात घ्यायचे असते त्याची मांडणी चोख असते. द्यायचे असते तिथे मात्र घोळ.

हेच दप्तर संगणकावर आले तेव्हा काही चांगलेही झाले, ते नाकारण्यात अर्थ नाही. महाभूलेखवर गट नंबरने किंवा नावाने सातबारा बघता येतो. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळू लागला. पण कित्येक वर्षे त्या साईटचा पहिला प्रश्न होता, 'विभाग निवडा'. कोकण, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, संभाजीनगर. आपण कोणत्या महसूल विभागात राहतो हे कोणता शेतकरी मनात धरून चालतो? तो गाव, तालुका, जिल्हा सांगतो. आयुक्तांची कचेरी साहेबाला आठवते.

आणखी एक सोय आहे, 'आपली चावडी'. फेरफाराच्या नोटिसा तिथे लागतात. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. कोकणात एकेका सातबारावर डझनावारी नावे, त्यातली अर्धी मुंबईला चाकरीवर. त्यांच्यासाठी ही चावडी म्हणजे वरदान. पण ती आहे हे माहीत असेल आणि आपल्या गावाची नोटीस हाताला लागेल तर! नाहीतर पंधरा दिवस निघून जातात आणि नंतर कोर्टात पंधरा वर्षे जातात.

दोन कर्जमाफ्या, दोन वाटा

मांडणीने काय फरक पडतो ते कागदावर नको, आपण भोगलेल्या गोष्टीवर बघू.

२८ जून २०१७ चा शासन निर्णय. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. दीड लाखापर्यंत कर्जमाफी, आकडा ३४ हजार २२ कोटींचा. कर्ज बँकेच्या वहीत लिहिलेले होते, बँकेला माहीत होते कोणाचे किती. तरी शेतकऱ्याने 'आपले सरकार'वर जाऊन अर्ज भरायचा. आधार, अंगठा, कुटुंबाची माहिती. ऐन पावसाळ्यात, पेरणी-खुरपणी सोडून, सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. अर्जाची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रे वाटली गेली आणि मग याद्यांच्या घोळात वाटप रखडले.

डिसेंबर २०१९ मध्ये दुसरी घोषणा झाली, महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. दोन लाखांपर्यंत. या वेळी अर्ज नव्हता. बँकांनी खात्यांची माहिती दिली. फेब्रुवारी २०२० पासून याद्या गावात लागल्या. प्रत्येक नावापुढे एक विशिष्ट क्रमांक. यादीत नाव बघायचे, आधार घेऊन जायचे, अंगठा लावून आकडा बरोबर की चूक सांगायचे.

दोन्ही योजनांत त्रुटी होत्या, दोन्हींतून माणसे सुटली. कर्जमाफीने शेतीचा प्रश्न सुटतो असेही आम्ही म्हणत नाही. पण एक फरक बघा. पहिल्या वेळी शेतकरी सरकारला शोधत फिरला, दुसऱ्या वेळी सरकारने शेतकऱ्याला शोधले. संगणक दोन्ही वेळा होताच. बदलली ती फक्त शोधायची जबाबदारी.

आता कापसाचे बघा. खरीप २०२३ च्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५ हजार, दोन हेक्टरपर्यंत, असे अर्थसहाय्य २०२४ मध्ये जाहीर झाले. आधार धरला ई-पीक पाहणीचा. ज्याने मोबाइलमधून पिकाची नोंद केली तो यादीत, ज्याला ते ॲप चालवता आले नाही तो बाहेर. कापूस दोघांच्याही शेतात होता! ओरड झाली तेव्हा सातबाऱ्यावरची नोंद धरून अट शिथिल करावी लागली.

२०२५ च्या हंगामात तर कळस झाला. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८ हजार ११० रुपये. पण कापूस महामंडळाला कापूस द्यायचा तर १ सप्टेंबरपासून 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, मग दिवस राखून घेणे. सप्टेंबरअखेरची मुदत पुढे ढकलावी लागली. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क माफ झाले आणि ती माफी वर्षअखेरपर्यंत वाढली. ही सवलत शोधत कोणत्या गिरणीमालकाला सेवा केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागले? गिरणीची सवलत घरपोच, शेतकऱ्याची सवलत चार पडद्यांच्या आड.

'शेतकरी अडाणी आहे'

या सगळ्यावर साहेबांचे ठरलेले उत्तर असते, शेतकरी डिजिटल साक्षर नाही, त्याला प्रशिक्षण द्या. आम्हाला या उत्तराची चीड येते.

हाच शेतकरी आठवडी बाजारात पहिल्यांदा गेला तरी बैल कुठे उभे आहेत, मिरची कुठे, बियाणे कुठे, हे कोणाला न विचारता ओळखतो. बाजार त्याच्या कामाने मांडलेला असतो म्हणून. हाच शेतकरी मोबाइलवरून पैसे पाठवतो, बाजारभाव मागवतो, मुंबईच्या मुलाशी चेहरा बघून बोलतो. ते शिकवायला कोणती कार्यशाळा भरली होती? जिथे वाट सरळ आहे तिथे तो न शिकता चालतो. जिथे अडखळतो तिथे वाटेत दगड आहेत, त्याच्या पायात खोट नाही.

वाट हरवली की वाटाड्या महाग होतो. पीकविम्याला शेतकऱ्याचा हप्ता एक रुपया होता तेव्हाही केंद्रावर जास्त पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्या. केंद्र चालवणारा पोरगा आपल्यातलाच आहे, त्याच्यावर आमचा राग नाही. पण न सापडणारी माहिती हा धंदा होतो, हे लक्षात घ्या. पूर्वी परमिटासाठी दलाल लागायचा, आता पासवर्डासाठी लागतो.

वारणेचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरात गावोगाव संगणक बसवून 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण, सगळे देण्याचा बेत मोठा होता. पुढे अभ्यासकांनी पाहिले तेव्हा लोक प्रामुख्याने एकाच कामासाठी येत होते, आपल्या उसाचा हिशेब आणि कारखान्याशी व्यवहार. मग काही गावांत तीच माहिती साध्या मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली, आणि तेवढ्याने काम भागले. शिकायचे ते एवढेच, आधी लोक कशासाठी येतात ते बघा, मग घर बांधा.

विलायतेतही हाच धडा घेतला गेला. ब्रिटनच्या सरकारने ऑक्टोबर २०१२ मध्ये एकच साईट उघडली आणि हळूहळू खात्यांच्या वेगवेगळ्या साईटी त्यात आणल्या. मांडणी खात्यांप्रमाणे नाही, नागरिकाच्या कामाप्रमाणे. त्यांचे पहिले तत्त्व होते, सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून करा. जे सारा वसुलीची वही शिकवून गेले, त्यांच्याकडून हेही घ्यायला हरकत नाही.

ही मेहेरबानी नाही, कायदा आहे

माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याचे कलम ४ बहुतेकांना माहीत नसते, कारण आपण अर्ज करून माहिती मागतो आणि थांबतो. कलम ४ म्हणते, मागण्याआधीच द्या. प्रत्येक कार्यालयाने आपले दप्तर सूचीबद्ध करून, अनुक्रमणिका लावून ठेवले पाहिजे, माहिती सहज मिळेल अशा रीतीने. आणि ती पसरवताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक साधन कोणते, याचा विचार केला पाहिजे. केंद्र सरकारने सरकारी साईटी कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्येच काढली, नंतर दोनदा सुधारली. नियम आहेत. नियमही आता शोधावे लागतात, एवढेच.

आमच्या मागण्या

१. पहिल्या पानावर मंत्र्यांचे फोटो आणि सरकत्या बातम्या नकोत. शेतकऱ्याची दहा कामे हवीत, त्याच्याच शब्दांत: सातबारा, वारस नोंद, पीक नोंद, पीक गेले, विमा, कर्ज, माल विकणे, वीज, विहीर, तक्रार.

२. एका योजनेला एकच पान. त्यावर कोणाला, किती, कधीपर्यंत, कोणते कागद, कोणता अधिकारी. योजना बंद झाली असेल तर वर मोठ्या अक्षरांत 'बंद'.

३. शोधण्याच्या चौकटीला शेतकऱ्याची मराठी कळली पाहिजे. टिंब असो नसो, लाल्या म्हणो की लाल पाने. आणि दोन नांदगावांतला फरक तालुका विचारून साईटनेच करावा.

४. शासन निर्णय १८ आकडी सांकेतांक माहीत असलेल्यालाच नव्हे, सगळ्यांना विषयाने सापडावा. कागदाचा फोटो चढवू नये, शोधता येणारी अक्षरे असावीत.

५. ज्यावर पैसा ठरतो तो आकडा, मंडळाचे तापमान असो, पाऊस असो, पीक कापणीचा उतारा असो, गावाच्या नावाने एका जागी मिळावा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लागावा.

६. साईट बंद असेल तेवढे दिवस मुदत आपोआप वाढावी.

७. कोणतीही साईट किंवा ॲप सुरू करण्याआधी कोरडवाहू गावातले पाच शेतकरी, त्यात दोन बाया, समोर बसवून चालवून बघावे. साहेबांनी मध्ये बोलू नये, नुसते बघावे.

मेळाव्यात करायचे काम

नुसते ठराव करून घरी जायचे नाही. नांदगावला निघण्याआधी आम्ही एक खेळ केला. योजना, दाखले, उतारे, तक्रारी यांची नावे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिली आणि टेबलावर पसरून म्हटले, तुमच्या मनाप्रमाणे गट लावा. बागायतदारांनी खात्यांचे गट केले नाहीत. त्यांनी लावले: जमिनीचे, हंगामाआधीचे, नुकसान झाल्यावरचे, विकतानाचे, पैसे अडकल्यावरचे. ना कृषी, ना महसूल, ना सहकार. ते बघून आम्हाला वाटले, आंब्याच्या जागी कापूस लिहिला तरी हे ढीग बदलणार नाहीत.

हे खरे की खोटे, ते येत्या जिल्हा मेळाव्यात आपण बघू. प्रत्येक गावाने चिठ्ठ्या लावाव्यात. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही विचारावे, तिच्या मनातला गट बहुधा सर्वांत सरळ निघेल. सगळ्या गावांचे ढीग एका कागदावर उतरवून आपण ते जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू आणि म्हणू, ही आमची मांडणी. तुमची साईट अशी लावा. सोबत कलम ४ चा अर्ज जोडू, तुमच्या दप्तराची अनुक्रमणिका दाखवा.

आणि कोणी साहेब म्हणाला की 'माहिती साईटवर आहे', तर भांडू नका. खिशातला मोबाइल काढून त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "साहेब, तुम्हीच काढून दाखवा."

ते शोधत बसतील तोवर घड्याळ बघा, आणि किती वेळ लागला ते ठरावात लिहा.